भाच्याच्या दारात एफबीआयचं कार्ड

मध्य न्यू जर्सीत बरीच वर्षं राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

त्यांच्या नाशिकच्या मोठ्या बहिणीचा मुलगा इथे मास्टर्स करायला आला आहे. त्याच्या शिक्षणासाठी राहतं घर गहाण ठेवून कर्ज काढलेलं. कॅम्पसवर काम मिळेना, तेव्हा टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून त्याला ‘पार्सल पिकअप’चं काम मिळालं. मोबाइलवर पत्ता यायचा, तिथे जाऊन बंद खोकं घ्यायचं आणि एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबलेल्या माणसाच्या हवाली करायचं. दर फेरीला काहीशे डॉलर रोख मिळायचे. खोकी देणारी सगळी माणसं म्हातारी. एकदा पेनसिल्व्हेनियातल्या एका आजींनी खोकं हातात देताना विचारलं, “तुम्ही सरकारकडूनच आलात ना?” याने मान डोलावली. त्यानंतर त्याने ते काम सोडलं, पण कुणाला काही सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात तो घरी नसताना दोन माणसं आली आणि रूममेटच्या हातात एक कार्ड देऊन गेली. कार्डावर एफबीआय, न्यूआर्क असं लिहिलेलं. तेव्हापासून भाचा मावशीकडे येऊन राहिला आहे. फोन बंद आहे, जेवण नाही, झोप नाही. नाशिकहून बहीण म्हणते, मिळेल त्या विमानाने त्याला परत पाठव. मेहुणे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. घरात यजमानांचं म्हणणं असं की आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे, फोनमधलं सगळं पुसायला सांग आणि त्याला दुसरीकडे राहायला लाव. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, “माझी वरपर्यंत ओळख आहे, बोलून बघतो.” आणि पत्र लिहिणाऱ्या या भगिनींच्या स्वतःच्या मनात आहे की आपणच त्या ऑफिसला फोन करावा, मुलगा चांगल्या घरचा आहे, त्याला काही माहीत नव्हतं, असं समजावून सांगावं. त्या विचारतात: यातलं काय करू? आणि हे ऑफिस नेमकं करतं तरी काय?

नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं नंतर वाचा. आज तिकीट काढू नका. फोनमधलं काही पुसू देऊ नका. त्या ओळखीच्या गृहस्थांना नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा. तुम्ही स्वतः त्या एजंटला, म्हणजे कार्ड ठेवून गेलेल्या एफबीआयच्या अधिकाऱ्याला, फोन करू नका. आणि उद्या सकाळी उठल्याबरोबर क्रिमिनल डिफेन्सचं काम करणारा, केंद्रीय न्यायालयात प्रत्यक्ष खटले चालवलेला वकील शोधायला लागा. तुमच्या घराच्या व्यवहाराच्या वेळचा वकील नको, एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा करून देणाराही नको. असा वकील माहीत नसेल तर तुमच्या काउंटीच्या बार असोसिएशनची, म्हणजे वकिलांच्या संघटनेची, वकील सुचवण्याची सोय असते, तिथे फोन करा.

मी वकील नाही. त्यामुळे पुढे लिहिते आहे ते वकिलाच्या सल्ल्याऐवजी नाही, त्याच्याकडे जाताना तुमचं मन थाऱ्यावर असावं म्हणून.

पहिली शंका अगदी साधी: ते कार्ड खरं आहे का? एफबीआयच्या नावाने तोतयेगिरी करणाऱ्या टोळ्या इतक्या आहेत की ही खात्री करून घेतलीच पाहिजे. मात्र कार्डावरच्या नंबरला फोन करून नाही. एफबीआयच्या अधिकृत संकेतस्थळावर न्यूआर्क कार्यालयाचा नंबर आहे, तो काढून, या नावाचा एजंट तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारायचं. हे कामसुद्धा वकिलालाच करू द्या. खरा एजंट ओळखपत्र आणि बिल्ला दाखवतो. तो पैसे मागत नाही, सोनं मागत नाही, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो मागत नाही, प्रकरण मिटवण्याची किंमत सांगत नाही. त्या दोघांनी असलं काही मागितलं असेल तर प्रकरण वेगळंच आहे. पण तुम्ही लिहिलं आहे ते तसं दिसत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे ऑफिस काय करतं?

आपल्याकडे पोलीस म्हटलं की डोळ्यांपुढे ठाणं येतं. जो पकडतो तोच दम देतो, तोच सोडतो आणि तोच ‘बघून घेतो’, असं आपण धरून चालतो. तुमच्या घरातले सगळे सल्ले, पळून जा, पुसून टाक, ओळख लाव, मी समजावते, या एकाच समजुतीतून आलेले आहेत. न्यूआर्कच्या त्या कार्यालयाचं काम तसं चालत नाही. एफबीआय ही अमेरिकेच्या न्याय खात्याची तपास यंत्रणा. मुख्यालय वॉशिंग्टनला, आणि देशभर मोठ्या शहरांमध्ये पन्नासहून अधिक क्षेत्रीय कार्यालयं. त्यांतलं एक न्यूआर्कला, पसेइक नदीच्या काठी. जवळजवळ सगळं न्यू जर्सी त्याच्या हद्दीत येतं. फक्त दक्षिणेकडच्या कॅम्डेन, ग्लॉस्टर आणि सेलम या तीन काउंट्या फिलाडेल्फियाच्या कार्यालयाकडे आहेत. क्षेत्रीय कार्यालयाच्या हाताखाली लहान उपकार्यालयंही असतात, ट्रेंटनला एक आहे. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या त्या आजींची तक्रार एका कार्यालयाच्या हद्दीत आणि तुमच्या भाच्याचं घर दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत. पण म्हणून दुवा तुटत नाही. गुन्हा राज्याची सीमा ओलांडतो, फोन आणि बँकांच्या व्यवहारांतून चालतो, म्हणून तर तो गावच्या पोलिसांकडून केंद्राकडे येतो.

बहुतेक वेळा सुरुवात मात्र गावच्या पोलिसांपासूनच होते. कुणा म्हाताऱ्या बाईंची मुलगी घरी येते, खात्यात पैसे नाहीत हे तिच्या लक्षात येतं, ती पोलिसांत जाते. दाराच्या कॅमेऱ्यात एक गाडी दिसते. पुढे शेजारच्या गावात तशीच तक्रार येते, तशीच गाडी दिसते. क्षेत्रीय कार्यालयांच्या अनेक पथकांमध्ये स्थानिक पोलीस खात्यांचे डिटेक्टिव्हही सोबत काम करत असतात, आणि सुटी सुटी प्रकरणं एकत्र जोडणं हेच त्या कार्यालयाचं मोठं काम. तेव्हा दारात दोन माणसं आली ती बऱ्याच आधीपासून काही गोळा करून आली असणार, हे धरून चाला.

आणि हे नीट लक्षात घ्या: एजंट खटला भरत नाही. खटला भरायचा की नाही, कुणावर, कोणत्या कलमाखाली, हे ठरवतो यू. एस. अ‍ॅटर्नी, म्हणजे त्या जिल्ह्याचा केंद्रीय सरकारी वकील. अख्खं न्यू जर्सी हा असा एकच जिल्हा आहे, त्याची न्यायालयं न्यूआर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला भरतात. शिक्षा न्यायाधीश ठरवतो. त्यामुळे एजंटला ‘पटवून’ काही साध्य होत नाही, ते त्याच्या हातातच नसतं. सरकारी वकिलाच्या लेखी चौकशीतला माणूस तीनपैकी एका रकान्यात बसतो: विटनेस, सब्जेक्ट किंवा टार्गेट. नुसतं माहिती देऊ शकणारा, ज्याचं वागणं तपासाच्या कक्षेत आलं आहे तो, आणि ज्याच्यावर आरोप ठेवायच्या बेतात आहेत तो. तुमचा भाचा कोणत्या रकान्यात आहे, हे विचारण्याचा रस्ता वकिलाला माहीत असतो. अटक न करता कार्ड ठेवून गेले, याचा अर्थ त्यांना बोलायचं आहे, एवढाच. त्यातून सुटकेचाही निष्कर्ष काढू नका, सर्वनाशाचाही.

तुम्ही लिहिता, “त्याला काहीच माहीत नव्हतं.” तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण तुमच्याच पत्रात त्या आजींचा प्रश्न आहे, आणि त्याची मान डोलावणं आहे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना त्याला खरंच कळलं नसेल. नवखा मुलगा, डोक्यावर कर्ज, ग्रुपमध्ये आपल्याच भाषेत बोलणारी माणसं. पण त्या दारात उभं असताना त्याला काहीतरी कळलं होतं. म्हणून तर त्याने नंतर काम सोडलं. त्याने ते सोडलं, ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे आणि ती वकिलाला जरूर सांगायची. पण ‘काहीच माहीत नव्हतं’ हे वाक्य तुम्ही घरात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात तर तोही तेच पाठ करेल, आणि उद्या ते वाक्य त्याच्या गळ्याशी येईल. इथल्या कायद्यात, समोर दिसत असताना मुद्दाम डोळे मिटून घेणं हे माहीत असण्यासारखंच धरलं जाऊ शकतं.

त्या खोक्यांमध्ये काय होतं, हे तुम्हाला आता कळलंच असेल. रोकड किंवा सोनं. हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांसाठीच सांगते, कारण आपल्या आईवडिलांच्या वयाची माणसं यात सापडतात. संगणकावर अचानक धोक्याची सूचना झळकते, खाली मदतीचा नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस आधी कंप्युटर कंपनीचा असतो, तो ‘बँके’ला जोडून देतो, बँकवाला ‘सरकारी अधिकाऱ्या’ला. तुमचं खातं गुन्हेगारांच्या हाती लागलं आहे, पैसे वाचवायचे तर काढून सोनं घ्या, आमचा माणूस येऊन सरकारी कोठारात सुरक्षित ठेवेल, कुणालाही सांगू नका. मग दारात एक मुलगा येतो, ठरलेला परवलीचा शब्द सांगतो आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन जातो. जानेवारी २०२४ मध्ये एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राने याबद्दल जाहीर इशारा दिला. मे ते डिसेंबर २०२३ या काळातलं अशा प्रकरणांतलं नुकसान साडेपाच कोटी डॉलरच्या वर होतं. आणि २०२४ या एका वर्षात साठीच्या पुढच्या माणसांनी त्या केंद्राकडे सर्व प्रकारच्या फसवणुकींत मिळून सुमारे ४८० कोटी डॉलर गेल्याचं नोंदवलं.

या सगळ्या टोळीतला एकच चेहरा त्या आजींनी प्रत्यक्ष पाहिला आहे, तो तुमच्या भाच्याचा. हे मी त्याला टोचायला लिहीत नाही. त्याला आत्ता जे आतून खातंय ते हेच असावं, आणि त्याकडे बघितल्याशिवाय त्याला झोप लागणार नाही. बँकेतून बँकेत गेलेले पैसे वेळेत कळवले तर कधीकधी अडवता येतात. २०२३ मध्ये त्या केंद्राच्या वसुली पथकाने हाती घेतलेल्या प्रकरणांतली ७१ टक्के रक्कम गोठवली होती. पण खोक्यातून गेलेलं सोनं असं गोठवता येत नाही. तिथे उपयोगी पडते ती फक्त माहिती. कोणत्या नंबरवरून पत्ते यायचे, पार्किंगमध्ये कोण थांबायचं, कोणती गाडी, कोणता दिवस. ती त्याच्याकडे आहे. पुढच्या कुणाच्या तरी आजीचं दार वाजण्याआधी ती योग्य हातात पडली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. पण वकिलामार्फत, वकिलाने ठरवलेल्या रीतीने. वकील सरकारी वकिलाशी बोलून लेखी अटींवर अशी भेट ठरवू शकतो. त्या अटींचं संरक्षण मर्यादित असतं, ती माफी नसते. सहकार्याची दखल घेतली जाऊ शकते, घेतलीच जाईल असं वचन तुम्हाला कुणीही देऊ नये, आणि दिलं तर त्या माणसापासून दूर राहा.

आता तुमच्या ताईंचा सल्ला. आईचं काळीज आहे, पोर आधी घरी येऊ दे, असंच वाटणार. पण विमानात बसल्याने प्रकरण इथे संपत नाही. वॉरंट निघालं असेल तर विमानतळावरच अडवू शकतात, आणि मग तो ‘पळून जाताना सापडलेला’ ठरेल. जामिनाच्या वेळी हीच गोष्ट सगळ्यात जड जाते. वॉरंट निघालं नसेल आणि तो नाशिकला पोहोचला, तरी भारत आणि अमेरिकेत १९९७ चा प्रत्यर्पण करार आहे, आणि एफबीआयचं एक कार्यालय नवी दिल्लीलाही आहे. प्रत्येक लहान माणसामागे ते लागतात असं मी म्हणणार नाही. पण कोणत्याही देशाचा व्हिसा अर्ज भरताना, कोणतीही पोलीस पडताळणी होताना, हा मुलगा आयुष्यभर मागे वळून बघत राहील. घरावरचं कर्ज तसंच राहील आणि पदवीही हाती नसेल. त्याने देश सोडावा की नाही, हा प्रश्न वकिलाला विचारायचा आहे, ट्रॅव्हल एजंटला नाही.

इथे मला २०१६ ची आठवण करून द्यावीशी वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून इथल्या लोकांना फोनवर धमकावत होती. त्याच महिन्यात इकडे टेक्सासमध्ये अहमदाबादची पाच कॉल सेंटरं आणि ५६ जणांवर अशाच फसवणुकीचे आरोप ठेवल्याचं जाहीर झालं. त्या आरोपींमध्ये अमेरिकेत राहून पैसे गोळा करणारे, फिरवणारे ‘रनर’ही होते. २०१८ मध्ये वीसहून अधिक जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, काहींना २० वर्षांपर्यंत. त्या तपासात एफबीआय पुढे नव्हती, होमलँड सिक्युरिटीचे तपासनीस आणि कर खात्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा होती. सांगायचा मुद्दा असा की खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला आपण फार लहान आहोत, आपल्याकडे कोण बघतो, असं वाटत असतं, आणि हाती लागतो तो आधी तोच. वरचे लोक दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावाने बसलेले असतात.

मेहुण्यांची म्हण मलाही लहानपणापासून ऐकून माहीत आहे. पण पायरी चढायची की नाही हा पर्याय आता तुमच्या घराला उरलेला नाही. ती पायरी कार्ड होऊन दारात आली आहे. आता फक्त कुणाच्या सोबतीने चढायची, हे ठरवायचं आहे.

यजमानांचं म्हणणं, फोनमधलं पुसून टाक. कृपा करून नाही. तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा २० वर्षांपर्यंत असू शकते. फसवणुकीच्या मुख्य कलमाचीही कमाल शिक्षा तेवढीच आहे, यावरून कल्पना करा. शिवाय त्याच्या फोनमधलं पुसलं तरी दुसऱ्या टोकाच्या फोनमध्ये ते असतंच. आणि कदाचित त्याच संदेशांमध्ये, त्याने “मला हे काम नको” म्हणून सांगितल्याची नोंदही असेल. फोन बंद करून जसा आहे तसा वकिलाच्या स्वाधीन करावा.

ग्रीन कार्डाची भीती मी हलकी करत नाही, घरोघरी रात्रीची झोप त्याच्यावर टांगलेली असते. भाच्याने केलेलं तुमच्या अर्जावर चिकटत नाही. पण तुम्ही पुरावा लपवायला मदत केलीत, एजंटशी खोटं बोललात, तर ते मात्र तुमचं स्वतःचं होईल. तुमच्या यजमानांना ज्या गोष्टीची भीती आहे ती त्यांच्या सल्ल्यानेच घडेल. आणखी एक लपवत नाही: इमिग्रेशन हे मूळात होमलँड सिक्युरिटी खात्याचं काम असलं तरी २०२५ पासून एफबीआयच्या एजंटांनाही त्या कामाला हातभार लावायला सांगितलं गेलं आहे. तेव्हा ‘ती यंत्रणा वेगळी आहे, काही संबंध नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा सगळं सांगून ठेवा.

भाच्याच्या बाबतीत तर क्रिमिनल वकील आणि इमिग्रेशन वकील यांनी एकमेकांशी बोलणं अत्यावश्यक आहे. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं, हा एक प्रश्न आहेच. त्याहून मोठा असा की फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान १०,००० डॉलरच्या वर गेलं आणि दोष सिद्ध झाला, तर इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने तो अतिशय गंभीर गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर पाठवलं जाणं जवळपास अटळ होतं. तुरुंगवास टळावा म्हणून घाईने कबूल केलेलं एखादं कलम इथे घात करू शकतं. कबुलीमुळे देश सोडावा लागण्याचा धोका असेल तर बचावाच्या वकिलाने तो अशिलाला सांगितलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात म्हटलं आहे. तो सल्ला मागून घ्या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे जायची घाईसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय नको.

पैशांची काळजी तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, पण ती मोठी आहे, मला कळते. आरोप ठेवले गेले आणि वकील परवडत नसेल, तर न्यायालय सरकारी खर्चाने वकील नेमतं. केंद्रीय न्यायालयातले हे डिफेंडर फार अनुभवी असतात, त्यांना दुय्यम समजू नका. पण आत्ता, आरोपांच्या आधीच्या टप्प्यावर, पहिल्या सल्ल्यापुरते तरी पैसे उभे करा. तिकिटाला लागणारे पैसे तिथे लावा.

आणि आता तुमचा स्वतःचा बेत, मी फोन करून समजावते. हे तुम्ही प्रेमाने म्हणता. पण केंद्रीय अधिकाऱ्यापुढे महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं बोलणं हा ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, शपथ घेतलेली नसली तरी. तुम्ही भाच्याला सांभाळून घेण्याच्या नादात एखादी तारीख, एखादी गोष्ट बदलून सांगाल, आणि एजंट ते मुलाखतीच्या अहवालात लिहून ठेवेल. शिवाय भाचा तुम्हाला जे सांगेल ते गुपित राहील असं समजू नका. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, मावशी आणि भाच्यातल्या बोलण्याला नाही. उद्या तुम्हाला साक्षीला बोलावलं तर खरं सांगावं लागेल. म्हणून हे कठीण असलं तरी करा: त्याला जवळ घ्या, जेवायला वाढा, पण खोदून खोदून तपशील विचारू नका. ते त्याने वकिलाला सांगू दे. एजंट तुमच्या दारात आले तर भांडू नका, पळापळ करू नका, खोटं बोलू नका. “आम्ही वकिलामार्फत बोलू” एवढं शांतपणे सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट नसेल तर त्यांना घरात घेण्याची सक्ती नाही. वॉरंट असेल तर अडवू नका, वकिलाला फोन करा. भाच्याला अटक झालीच, तर भारतीय वकिलातीला कळवा असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वकिलातीकडे येतं. ती त्याला सोडवू शकत नाही, पण वकिलांची यादी देणं, घरच्यांशी संपर्क करून देणं हे करू शकते.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत की भाच्याकडे त्या फेऱ्यांचे थोडे पैसे शिल्लक आहेत आणि ते पाकिटात घालून त्या आजींच्या दारात ठेवून यावेत असं त्याला वाटतं. हे वाचून मला त्याच्याबद्दल आशा वाटली. पण त्याने त्या दारात पुन्हा जाऊ नये. साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघू शकतो, आणि त्या बाईंना तो पुन्हा दिसणं कसं वाटेल याचाही विचार करा. ते पैसे त्याने खर्चू नयेत, बाजूला ठेवावेत आणि वकिलाला सांगावं. नुकसानभरपाईचा रस्ता न्यायालयातून जातो. एफबीआयच्या क्षेत्रीय कार्यालयांत पीडितांना मदत करणारे खास कर्मचारी असतात, त्या आजींशी बोलायचं काम त्यांचं.

ज्यांची मुलं इथे शिकताहेत अशा इतर वाचकांनाही दोन शब्द. ‘पार्सल उचलून द्यायचं, रोख मिळेल’ असं काम कुठल्याही ग्रुपवर दिसलं तर ते नाकारा, ओळखीचा मुलगा सांगत असला तरी. मुलांशी पैशांबद्दल उघड बोला. कर्जाचा हप्ता कसा भरायचा याची लाज वाटली की मुलं अशा ग्रुपमध्ये शिरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांची फसवणूक झाली असेल तर आधी बँक, मग गावचे पोलीस, आणि लगेच एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्रात तक्रार, त्याच दिवशी. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीतल्या दुव्यावरून जाऊ नका, कारण त्या केंद्राचीही बनावट संकेतस्थळं निघाली आहेत. २०२४ मध्ये तिथे साडेआठ लाखांहून अधिक तक्रारी आल्या, त्यामुळे प्रत्येकाला एजंटचा फोन येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तरी तक्रार करा, कारण जोडाजोड होते ती त्या नोंदींवरूनच. न्याय खात्याची ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी आहे, १-८३३-३७२-८३११. फसवणूक झालेला माणूस भारतात असेल तर १९३० या तिथल्या मदतवाहिनीवर फोन.

एक काळजी मला बाकी सगळ्यापेक्षा आधीची वाटते. जेवण नाही, झोप नाही असं तुम्ही लिहिलंत. त्याला या दिवसांत एकटा ठेवू नका. दुसरीकडे राहायला लावायचा विषय काही दिवस तरी काढू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडून आली, किंवा तुम्हाला नुसती शंका आली, तर ९८८ हा अशा वेळच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे फोन करा.

आणि आज रात्री नाशिकला फोन कराल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर प्रकरणाचे तपशील लिहू नका, व्हॉइस मेसेज पाठवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर एक अक्षरही नको. ताईंना एवढंच सांगा की मुलगा माझ्याकडे आहे, जेवतो आहे, उद्या आम्ही वकिलाकडे जातो आहोत. मेहुण्यांनी बँकेत जाऊन कर्जाच्या हप्त्यांना मुदत मिळते का ते बघावं. त्यांच्या हातून होण्यासारखं आणि खरोखर उपयोगाचं आत्ता तेच आहे.